उजवा खांदा

"साल जाड लागतं, आत गेलं की मऊ. हा फरक बोटाला कळायला हवा," असं म्हणत नूतनने हिरव्या केळ्यात सुई घातली आणि आलेल्या सातही जणांना एकेक करून ती धरायला लावली. केळी यावलची. तिचा मावसभाऊ दर शुक्रवारी एसटीने दोन फण्या धाडायचा. सुयांनी चाळण झालेली केळी संध्याकाळी दवाखान्यामागच्या गायीला जात.

देवपुरातल्या तिच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हा ॲक्युपंक्चरचा शनिवार-रविवारचा वर्ग चाले. येणारी पोरं आयुर्वेदाची नाहीतर होमिओपॅथीची, शेवटचं इंटर्नशिपचं वर्ष चालू असलेली. महिनाभर त्यांनी केळ्यावर आणि स्वतःच्या पोटरीवर हात बसवला होता. आज पहिल्यांदा परक्या अंगावर सुई घालायची होती, म्हणून ओळखीपाळखीतली चार माणसं येऊन खाटांवर आडवी झाली होती. त्यांतल्या शेवटच्या खाटेवर भागाबाई होत्या.

भागाबाई म्हणजे नूतनच्या नवऱ्याची, किरणची आत्या. सगळं घर त्यांना फुई म्हणे. ऐन तारुण्यात नवरा गेल्यावर त्या कुसुंब्याला भावाकडे परत आल्या त्या कायमच्याच, आणि सुकदेव आणि किरण या दोन्ही भाच्यांना त्यांनीच अंगाखांद्यावर वाढवलं. आता सुकदेवचा मुलगा भूषण डॉक्टर होणार, काकूच्याच वर्गात सुया शिकतोय, त्याला शिकायला माणूस हवं आहे, असं कानावर आल्यावर त्या सकाळच्या पहिल्या गाडीने पिशवी घेऊन दारात हजर झाल्या होत्या. सदुसष्ट वर्षांचं सडसडीत, हाडकुळं शरीर. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली, ती मोठी, गोल, एकेक अक्षर सुटं काढत.

"आता इकडे बघा." नूतनने आपल्या सहायकाला, स्वप्नीलला, स्टुलावर बसवलं आणि त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं. "मानेचं हे वर आलेलं हाड आणि खांद्याचं टोक, यांच्या बरोबर मध्ये. या बिंदूचं नाव जीबी एकवीस. मान आखडली, खांदा भरून आला, तर फार गुणकारी. पण खाली काय आहे?"

"फुप्फुसाचं टोक," जैनब म्हणाली. ती पहिल्या रांगेतली, वहीच्या प्रत्येक पानाला समास आखणारी.

"किती खाली?"

तिने आपल्या बोटाचं वरचं पेर दाखवलं.

"बारीक माणसात बोटाच्या एका पेराएवढंही अंतर नसतं. म्हणून इथे अर्ध्या इंचाची सुई. मांस असं चिमटीत उचलायचं आणि सुई मागच्या बाजूला तिरकी. सरळ खाली कधीही घालायची नाही. आज हा बिंदू फक्त बघा. तुम्ही आज हात आणि पाय एवढंच करायचं."

तिने स्वप्नीलच्या खांद्यात सुई घातली. सगळ्यांनी माना पुढे करून बघितलं. मग दोघादोघांच्या जोड्या खाटांकडे गेल्या, आणि आठवा, म्हणजे त्याचा जोडीदार, आला नव्हता म्हणून भूषण एकटाच भागाबाईंपाशी गेला.

इतक्यात नूतनचा फोन वाजला. दिपमालाचा, म्हणजे तिच्या मोठ्या जावेचा, भूषणच्या आईचा. नूतन गॅलरीत गेली. "फुईने काही खाल्लं का? भूषणचा हात कसा चाललाय?" इथून सुरू होऊन ते बोलणं जळगावहून आलेल्या एका स्थळावर गेलं. मुलगी दातांची डॉक्टर, घर चांगलं, पण मुलीचा मामा फार बोलतो. सात-आठ मिनिटं गेली.

ती आत आली तेव्हा भागाबाईंच्या डाव्या खांद्यावर सुईची मूठ दिसत होती. अगदी कातडीला टेकलेली, सरळ.

नूतन पुढे झाली, कापूस धरला आणि सुई बाहेर काढली. दीड इंचाची होती. कंबरेसाठी वापरतात त्यांतली.

"ही कुठून घेतलीस?"

"ट्रेमध्ये होती."

ट्रे तिनेच लावला होता. कालच्या पेशंटसाठी काढलेल्या लांब सुया तिने उचलून ठेवल्या नव्हत्या.

"मी काय सांगितलं होतं?"

"काकू, आजीच म्हणाली की..."

"इथे काकू नाही."

भागाबाई मध्ये पडल्या. "त्याले बोलू नको. मीच सांगं त्याले. म्हन्तं, हातले काय टोची राहिना, मन्हा तं खांदा दुखस. त्यानी लहान सुई घाली, माले काहीच समजनं नही. मुंगी चावस तेबी यानापेक्षा जास्ती. मंग त्यानी मोठी घाली."

सुई जागी बसली की तिथे जडपणा येतो, हे वर्गात शिकवलेलं. सगळी पोरं त्या जडपणाच्या मागे लागलेली असत. पेशंट 'हं, आलं' म्हणाला की त्यांचे चेहरे फुलत. भागाबाईंचं अंग उभ्या जन्मात कष्टाने निबर झालेलं. त्यांना कसला जडपणा कळणार?

"आणखी कुठे घातलीस?" नूतनने विचारलं.

"हाताला. बस्स."

तिने मान हलवली. रागाच्या भरात तिने भागाबाईंचा पदर बाजूला करून बघितलं नाही. पुढे कितीतरी दिवस तिला हेच आठवत राहिलं, की पदर तेवढा बाजूला करायला हवा होता.

वीस मिनिटांनी भागाबाईंना कोरडा खोकला आला. मग छातीत कळ. मग त्या उठून बसल्या आणि बसल्या बसल्याही त्यांना दम लागायला लागला. नूतनने वर्ग तिथेच थांबवला, सगळ्यांच्या सुया काढायला स्वप्नीलला सांगितलं, आणि किरणला गाडी काढायला लावली.

साक्री रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात रविवार असल्याने छातीच्या डॉक्टर घरून यायच्या होत्या. नर्सने भागाबाईंना आत नेऊन नाकाला ऑक्सिजन लावला. तोवर सुकदेव आणि दिपमाला रिक्षाने येऊन पोचले. सुकदेवचं बी-बियाण्यांचं दुकान. घरातला मोठा, म्हणून सगळे त्याला नाना म्हणत. भूषण भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या ॲप्रनच्या खिशात अजून कापसाचा बोळा होता.

"काय झालं ते नीट सांगा," सुकदेव म्हणाला.

नूतनने सांगितलं. सुई खोल गेली, फुप्फुसाच्या आवरणाला लागली असणार, आत हवा शिरतेय. एक्सरे काढला की कळेल. बहुतेक वेळा माणूस बरा होतो, पण वेळेवर उपचार व्हायला हवेत.

"डॉक्टरने विचारलं तर?" दिपमाला म्हणाली.

"तर सांगायचं."

"काय सांगायचं? इंटर्नशिप चालू असलेल्या पोराने म्हातारीच्या फुप्फुसात सुई घातली? उद्या त्याच्या कॉलेजात कळलं, पोलिसांना कळवलं, तर त्याचं पुढे काय?"

आतून भागाबाईंचा आवाज आला. दार अर्धवट उघडंच होतं. "मी वटावरथून पडनू, आसं सांगसू मी."

"फुई, तुम्ही बोलू नका, दम लागेल," नूतन आत डोकावून म्हणाली आणि परत आली. "पडल्या म्हणून सांगितलं तर डॉक्टर बरगडी मोडलीय का ते शोधत बसतील. सुईचं सांगावंच लागेल."

"सुईचं सांग," दिपमाला म्हणाली. "पण हात तुझा होता म्हण."

किरण एकदम वळला. "वहिनी, तिचा वर्ग आहे. तिचं नाव आहे."

"म्हणूनच म्हणते. वीस वर्षांचं नाव आहे तिचं. एक गोष्ट झाली म्हणून कुणी मोडीत काढणार नाही. आणि हा?" तिने भूषणकडे बोट केलं. "याचं तर अजून सुरूसुद्धा झालं नाही."

"नाना, तू बोल काहीतरी," किरण म्हणाला.

सुकदेवने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "तुम्ही डॉक्टर लोक. मला त्यातलं काय कळतं?" एवढंच बोलून तो बाकावर बसला.

दिपमालाने नूतनचा हात धरून तिला पाण्याच्या कूलरपाशी नेलं. तिथे ती हळू बोलली. "नूतन, मी तुला कधी काही मागितलं का? तू नोकरी सोडून सुयांचा दवाखाना काढायचा म्हणालीस तेव्हा या घरात कोण तुझ्या बाजूने होतं? आबा तीन महिने तुझ्याशी बोलले नव्हते. तुझी पोरगी दोन वर्षांची, दिवसभर माझ्याकडे असायची. मी कधी आठवण करून दिली? आज देते."

हे सगळं खरं होतं. सासऱ्यांच्या समोर भाकरी वाढता वाढता, "तिला करू द्या की, आबा," असं म्हणणारी दिपमाला एकटीच होती. आणि नूतनच्या डोक्यात आणखीही काही चाललं होतं. ट्रे तिचा होता. आठ मिनिटं गॅलरीत ती होती. आठ जणांना एक शिक्षक ही व्यवस्थाही तिचीच. चूक तशीही आपलीच आहे, मग आपल्या नावावर घ्यायला काय हरकत? हा विचार तिला पटला, आणि पटला म्हणून बरंही वाटलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

भूषणने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि परत खाली घातली.

डॉ. तबस्सुम आल्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी भागाबाईंची छाती तपासली, एक्सरेला पाठवलं, आणि कागद पुढे ओढून नूतनला विचारलं, "सुई कुणी घातली?"

"मी."

"किती आत?"

"दीड इंच."

"सरळ?"

"हो."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "मॅडम, तुमच्याकडे मी माझे पेशंट पाठवते. तुम्ही सरळ घातली?"

डॉक्टरांनी 'सरळ' असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

"दुसऱ्या बाजूला घातली होती का?"

"नाही. फक्त डावीकडे."

"नक्की?"

"नक्की," नूतन म्हणाली, कारण तिला तेवढंच माहीत होतं.

एक्सरेत डावं फुप्फुस पाव भाग मिटलेलं दिसलं. दुपारी दोनच्या सुमारास बरगड्यांमधून नळी घालून हवा काढायला सुरुवात झाली. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत, आणि त्यात बुडबुडे. भागाबाईंचा श्वास शांत झाला. त्या डोळे मिटून पडल्या, मग उघडून म्हणाल्या, "बठ्ठा आठेच शेतस का? घरले कोन शे? म्हैस कोन पिळी?" तेव्हा दिपमाला हसली आणि रडली. सुकदेवने सगळ्यांसाठी चहा मागवला. किरण कुसुंब्याला शेजाऱ्याला फोन करून म्हशीची व्यवस्था लावून आला. निभावलं, असं सगळ्यांनाच वाटलं. चहा पिता पिता दिपमालाने नूतनच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

फक्त भूषणने चहा घेतला नाही. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून बाटलीतले बुडबुडे बघत होता.

साडेपाच वाजता भागाबाई परत अस्वस्थ झाल्या. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली यायला लागला. त्र्याण्णव, एक्याण्णव, मग एकोणनव्वद. नळी तर नीट चालू होती. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने ती हलवून बघितली, काहीच अडथळा नव्हता. "वय आहे, हृदयाचं काही असेल," असं म्हणून त्याने ईसीजीचं यंत्र मागवलं, डॉ. तबस्सुमना फोन लावला, रक्ताची तपासणी लिहिली. छातीवर पट्ट्या लावण्यात, कागद निघण्यात, तो परत काढण्यात दहा-पंधरा मिनिटं गेली. नूतन बाजूला उभी राहून विचार करत होती. हृदय? पहाटे पाचला उठून म्हैस पिळणारी ही बाई. नळी चालू आहे, डावीकडचं फुप्फुस फुगतंय, मग दम का लागतोय?

भागाबाईंनी उजवा हात उचलून स्वतःच्याच उजव्या खांद्यावर ठेवला. "आते ह्या बाजूले बी दुखी राहिनं," त्या तुटक तुटक म्हणाल्या.

"काकू."

नूतन वळली.

भूषण पांढराफटक पडला होता. "मी उजवीकडेही घातली होती. तीच, दीड इंची. तुम्ही यायच्या आधीच काढली. आधी उजवीकडची घातली, तिथे आजीला काही कळलं नाही, म्हणून काढली आणि डावीकडे जास्त खोल घातली."

मग नूतनने भागाबाईंचा पदर बाजूला केला. उजव्या खांद्यावर, मानेचं हाड आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये, मोहरीएवढा लाल ठिपका होता.

ती धावत बाहेर गेली. डॉ. तबस्सुम जिन्यावरच भेटल्या. नूतनने तिथेच, पायरीवर उभं राहून, चार वाक्यांत सगळं सांगितलं. उजवी बाजू. दीड इंच. सुई मी घातली नव्हती, माझ्या विद्यार्थ्याने घातली होती. सकाळी मी खोटं सांगितलं.

डॉक्टर उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत चढल्या. उजवीकडे स्टेथोस्कोप ठेवला, तरुण डॉक्टरला ईसीजी बाजूला ठेवायला सांगितलं, खाटेपाशीच एक्सरेचं यंत्र आणवलं. उजवीकडेही हवा होती. सकाळी आडवं झोपवून काढलेल्या एक्सरेत न दिसलेली, दिवसभर हळूहळू वाढलेली. दुसरी नळी घालायला त्यांना दहा मिनिटंही लागली नाहीत. यंत्रावरचा आकडा एकोणनव्वदवरून चढत पंचाण्णववर गेला आणि तिथे टिकला.

मग त्या हातमोजे काढत बाहेर आल्या. "मॅडम, मी तुम्हाला सकाळी दोनदा विचारलं होतं. पेशंटने लपवलं तर मी समजू शकते, नातेवाइकांनी लपवलं तरी. तुम्ही शिकवता."

"हो," नूतन म्हणाली.

"आणखी अर्धा तास आम्ही हृदय शोधत बसलो असतो."

"हो."

"मला सगळं लेखी हवं. जसं झालं तसं." आणि त्या निघून गेल्या.

बाकावर घरातली पाच माणसं बसली होती. दिपमालाने मुलाला विचारलं, "सकाळी का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो," भूषण म्हणाला. "गाडीत बसलो तेव्हाच ठरवलं होतं, डॉक्टर आले की सांगायचं. मग काकू 'मी' म्हणाल्या. त्यानंतर मला वाटलं, सुटलो आपण. आणि उजवीकडचं सांगितलं तर डावीकडचंही मीच, हे उघड होणार होतं."

"काकू 'मी' म्हणाली नसती तर सांगितलं असतंस?" किरणने विचारलं. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

भूषणने विचार केला. "माहीत नाही, काका."

सुकदेव उठला. त्याने कागद आणि पेन नूतनसमोर ठेवलं. "लिही. सगळं लिही. पोराचंही नाव घाल." मग बायकोकडे न बघताच म्हणाला, "सकाळी मला हे पटलेलं नव्हतं. तरी मी गप्प बसलो."

"म्हणजे आता मीच वाईट," दिपमाला म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसत बसलात ते बरं. मी आई आहे, मी बोलले. सकाळी तुम्हाला कुणी तोंड धरलं होतं?"

"तेच म्हणतोय मी."

"ते आत्ता म्हणताय!"

"ताई," नूतन म्हणाली, "तुम्ही मागितलंत आणि मी दिलं. डॉक्टरसमोर तोंड माझं होतं. तुमच्यामुळे झालं असं मी कागदावरही लिहिणार नाही आणि घरातही म्हणणार नाही." तिने कागद मांडीवर घेतला. "पण पुन्हा असं काही माझ्याकडे मागू नका."

दिपमालाने तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांत त्या दोघींत असं वाक्य आलं नव्हतं. ती उठली आणि आत जाऊन भागाबाईंच्या उशाशी बसली.

नूतनने दीड पान लिहिलं. ट्रेमधल्या लांब सुया, गॅलरीतली आठ मिनिटं, आठ जणांना एक शिक्षक, भूषणने घातलेल्या दोन सुया, आणि सकाळी डॉक्टरांना दिलेली खोटी माहिती. खाली सही केली. भूषणने न सांगता कागद ओढून घेतला, वाचला, आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.

भागाबाई आठ दिवस दवाखान्यात राहिल्या. दोन्ही बाजूंच्या नळ्या एकामागोमाग निघाल्या. दिपमाला त्यांच्यापाशीच राहिली, नूतनने आणलेला डबा तिने उघडला नाही, परतही पाठवला नाही. नुसता बाजूला ठेवला. भूषण रोज येई आणि खाटेपाशी बसून रडे. तिसऱ्या दिवशी भागाबाई त्याला म्हणाल्या, "आते रडनं बंद कर. जित्ती शे मी. तू आसा रडाले लागना तं लोकेस्ले वाटी, गयी म्हातारी." शेजारच्या खाटेवरची बाई हसली आणि भूषणलाही हसू आलं.

त्याने आपण होऊन कॉलेजात जाऊन सांगितलं. त्याची इंटर्नशिप दोन महिने लांबली. जळगावच्या स्थळाला दिपमालाने स्वतः फोन करून कारण सांगितलं, आणि मुलीच्या बोलघेवड्या मामाने ते ऐकून घेऊन 'कळवतो' म्हटलं. अजून कळवलेलं नव्हतं.

नूतनने वर्ग महिनाभर बंद ठेवला. लांब सुयांना वेगळं कपाट केलं आणि त्याची किल्ली गळ्यात घातली. जळगावची तिची एक जुनी मैत्रीण, सारिका, हाही विषय जाणणारी, तिला तिने दर रविवारी यायला राजी केलं. आता चार जणांमागे एक शिक्षक असणार होता. दोन विद्यार्थ्यांच्या पालकांनी मुलांना काढून घेतलं.

वर्ग परत सुरू झाला त्या रविवारी पाच जण आले. भूषण आला नव्हता. नूतनने केळी टेबलावर ठेवली नाहीत. ती स्टूल घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"आज सुया नाहीत. आज एक केस सांगते. स्त्री, वय सदुसष्ट, बारीक अंगाची." तिने भिंतीवरच्या चित्रावर खांदा दाखवला, फुप्फुसाचं टोक दाखवलं, सुई कुठून कशी गेली ते दाखवलं. सगळी पोरं त्या दिवशी तिथेच होती, तरी त्यांनी वह्या काढल्या. "ट्रे कुणी लावला होता? मी. लक्ष कुणाचं नव्हतं? माझं. सुई एका विद्यार्थ्याने घातली."

"मी घातली."

भूषण दारात उभा होता. चप्पल काढून आत आला आणि मागच्या बाकावर बसला. नूतन थांबली नाही. पहिली नळी, संध्याकाळी घसरलेला आकडा, ईसीजी, दुसरी नळी, सगळं तिने क्रमाने सांगितलं. आणि सकाळी डॉक्टरांनी दोनदा विचारलेला प्रश्न आणि आपण दिलेली उत्तरंही सांगितली. तिने एकही शब्द गाळला नाही.

लिहिणाऱ्या पेनांचा आवाज थांबला. जैनबने हात वर केला.

"मॅडम, विचारू का?"

"विचार."

"तुम्ही खोटं का बोललात?"

मागच्या बाकावर भूषण ताठ झाला. नूतनकडे एक उत्तर तयार होतं. चूक आपलीच होती म्हणून, असं म्हणता आलं असतं. कूलरपाशी ती स्वतःशी तेच म्हणाली होती.

"घरचा होता म्हणून," ती म्हणाली.

जैनबने वहीत बघितलं. "हे लिहू?"

"लिही," नूतन म्हणाली आणि स्टुलावरून उठली. "आता सगळे हात धुऊन या. भूषण, तूही. आज एकमेकांच्या खांद्यावर नुसतं बोट ठेवून जागा शोधायची. दोन्ही बाजूंना."